पिवळ्या खांबाजवळचा माणूस

१

रोपवेच्या ट्रॉलीचा धक्का बसून मिस्त्री फलाटाखाली फेकला गेला, तेव्हा ट्रॉली सुरू करायचं बटण माझ्या नवऱ्याने दाबलं होतं. याबद्दल वाद नाही. वाद एवढाच, की बटण दाबायच्या आधी त्याने समोरचा, फलाटावरच्या कॅमेऱ्याचा पडदा पाहिला होता की नाही.

"पाहिला होता," तो पहिल्या दिवशी म्हणाला. "फलाट रिकामा होता."

दुसऱ्या दिवशी म्हणाला, "पाहिला असणार." आणि त्यानंतर एकदा खिडकीबाहेर बघत, माझ्याकडे न बघता, "नसेलही पाहिला गं. कोणास ठाऊक."

माझं डोकंच फिरलं. अहो, हा माणूस घराला कुलूप लावलं की तीनदा ओढून बघतो. गॅस बंद आहे का हे बघायला जिन्यातून परत येतो. लग्न झाल्यापासून मी त्याच्या या सवयीवर करवादत आलेय. आणि हा म्हणे पडदा न बघता रोपवे सुरू करणार?

मिस्त्री दवाखान्यात होता. पाठीच्या मणक्याला मार. पुन्हा उभा राहील की नाही, डॉक्टर सांगत नव्हते. नवरा कामावरून निलंबित. चौकशी एका दिवसावर आलेली, आणि त्या कागदावर 'निष्काळजीपणा' असा शब्द पडला की पुढे पोलीस. पण खरं सांगू? मला भीती नोकरीची नव्हती. नोकऱ्या मिळतात. 'मीच मोडलं त्याला' असं पुटपुटत, स्वतःच्या हातांकडे बघत बसलेला नवरा मला परत कोण देणार होतं?

चौकशीच्या आदल्या सकाळी वन्सं आल्या. माझी थोरली नणंद. आयुष्य पोलिसांत काढलं, अपघात आणि खून यांचे तपास केले, आता निवृत्त आहेत. नातलग त्यांना मागे 'फौजदारबाई' म्हणतात आणि पुढे गप्प बसतात. पिशवी कोपऱ्यात ठेवून त्यांनी आधी भावाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"ठिणगे, एक आत्ताच सांगून ठेवते." माझ्या स्वभावामुळे आणि तारा डागायच्या सोल्डरिंगच्या कामामुळे त्यांनी मला हे नाव ठेवलंय. "मी याला वाचवायला आलेली नाही. काय घडलं ते बघायला आलेय. चूक याची निघाली, तर मीच याला हाताला धरून नेईन."

"सख्खा भाऊ आहे तुमचा!"

"म्हणूनच." त्या खुर्ची ओढून बसल्या. "फलाटावर कॅमेरा आहे म्हणतेस. मग रेकॉर्डिंग असेल. ते बघितलं की झालं."

"होतं," मी म्हणाले. "ते गेलं."

"गेलं म्हणजे?"

"कॉम्प्युटरमधून नाहीसं झालं. नेमकं अपघाताच्या सकाळचं."

वन्सं उठल्या आणि चपला घालू लागल्या.

२

माझं दुकान आहे. एका यंत्राचं चित्र दुसऱ्या यंत्राला समजेल असं करून देणं, हा माझा धंदा. कॉम्प्युटरचं चित्र जुन्या टीव्हीवर, जुन्या कॅसेटचं कॉम्प्युटरवर, कॅमेऱ्याचं प्रोजेक्टरवर. एकाची भाषा दुसऱ्याला येत नाही, मधे मी आणि माझे डबे दुभाष्यासारखे बसतो.

रोपवेच्या कंट्रोल रूममधला डबाही मीच बसवलेला. तिथून फलाट दिसत नाही, मधे जाड भिंत आहे. म्हणून फलाटावर कॅमेरा. कॅमेऱ्याचं चित्र मागच्या खोलीतल्या कपाटात ठेवलेल्या कॉम्प्युटरमध्ये जातं, तिथे त्याचं रेकॉर्डिंग होतं. कॉम्प्युटरमधून ते माझ्या डब्यात येतं, म्हणजे कन्व्हर्टरमध्ये, आणि तिथून ऑपरेटरसमोरच्या मॉनिटरवर. हा मॉनिटर जुना, फुगीर काचेचा, लोखंडी टेबलात कायमचा बसवलेला. बदला म्हणून सांगून माझी जीभ झिजली.

आम्ही दोघी तिथे पोचल्यावर मी डब्याचं झाकण उघडलं, तारा हलवून बघितल्या, मॉनिटर बघितला. सगळं ठीक. मी लावून दिलं होतं अगदी तसं. मधोमध चित्र, चारी बाजूंनी बारीक काळी पट्टी. चित्रात डावीकडे अगदी टोकाला फलाटाचा पिवळा खांब, उजवीकडे खाली घड्याळाचे आकडे.

"मिस्त्री कुठे होता?" वन्संनी विचारलं.

"त्याची हत्यारांची पिशवी पिवळ्या खांबापाशी सापडली."

वन्सं बराच वेळ त्या खांबाकडे बघत राहिल्या. खांब स्वच्छ दिसत होता. तिथे मांजर बसलं असतं तरी दिसलं असतं.  माझाच डबा माझ्या नवऱ्याविरुद्ध साक्ष देत होता.

तेवढ्यात मॅनेजर आले. कडक इस्त्रीचा माणूस, बोलतानाही इस्त्री मोडू देत नाही.

"तपासलंत ना? तुमच्या डब्यात दोष नाही ना? झालं तर मग." ते मॉनिटरकडे बघून नाक मुरडत म्हणाले, "तसा दोष आहेच. त्या काळ्या कडा बघा. मेलेल्या माणसाच्या फोटोला करतात तशी चौकट. किती वेळा बोललो मी. त्या दिवशी वरून मोठे साहेब पाहणीला येणार होते, सगळं चकचकीत करून घेतलं, आणि मधोमध हे ध्यान."

"साहेब आले होते?" वन्संनी विचारलं.

"येणार होते दुपारी. सकाळीच हे घडलं. कसले येतायत."

"आणि रेकॉर्डिंग?"

"अपघात झाल्यावर आम्ही मेन स्विच पाडला. त्या झटक्यात डिस्क बिघडली म्हणतात. मला त्यातलं कळत नाही."

मला तो माणूस मुळातच आवडत नव्हता, आता तर डोळ्यांत खुपायला लागला. "सोयीची बिघडली," मी म्हणाले. "फलाटावर कठडा नाही, हे त्यात दिसलं असतं. नाही का?"

मॅनेजर तापले नाहीत. उलट त्यांनी माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं बघितलं.

"बाई, रेकॉर्डिंगची गरजच नाही. साक्षीदार आहे. तुमच्या नवऱ्याच्या पाठीमागे उभा राहून हाच पडदा बघत होता. मिस्त्री त्याला स्पष्ट दिसला. काल लेखी जबाब दिलाय त्याने."

"कोणी?"

"तुम्हाला बोलला नाही तो?" ते म्हणाले. "तुमच्या भावाने."

३

बारक्या माझ्याहून बराच लहान. आई कामावर जायची तेव्हा त्याला कडेवर घेऊन मीच फिरायचे. पुढे धंदाही मीच शिकवला. तार कशी सोलायची, कुठली पिन कशाची, सगळं. रोपवेत कॉम्प्युटर सांभाळायचं काम त्याला लागलं ते माझ्या नवऱ्याच्या शब्दावर. अपघाताच्या वेळी तो कंट्रोल रूममध्ये होता हे मला ठाऊक होतं. मी देवाचे आभार मानत होते, की निदान आपलं माणूस तिथे होतं.

तो मागच्या खोलीत, कपाटासमोर स्टुलावर बसला होता. मला बघितल्याबरोबर त्याचा चेहरा रडवेला झाला.

"ताई, मी तुला तोंड दाखवू शकत नव्हतो गं."

"काय लिहून दिलंस?"

"जे दिसलं ते." त्याने वन्संकडे बघितलं, मग जमिनीकडे. "मी भाऊजींच्या मागे चहाचा कप घेऊन उभा होतो. पडद्यावर मिस्त्री दिसला. पिवळ्या खांबाला एका हाताने धरून वाकला होता, त्याची टोपी पडली होती ती उचलायला. मी ओरडलो, 'भाऊजी, थांबा!' पण तोवर बटण दाबलं गेलं होतं. भाऊजींची नजर दुसरीकडे होती, ताई. मी खोटं कसं बोलू? उद्या मिस्त्री आयुष्यभर अंथरुणावर पडला तर त्याच्या बायकोला काय तोंड दाखवू?"

मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली आणि त्याच वेळी त्याचं कौतुकही वाटलं. बघा कसं असतं माणसाचं मन. सख्ख्या बहिणीचा संसार मोडतोय, तरी खरं बोलतोय पोरगा. हेच तर शिकवलं होतं आपण.

"रेकॉर्डिंग परत मिळवता येणार नाही?" वन्संनी विचारलं.

"सगळं करून बघितलं. त्या सकाळचा भाग कोराच झालाय."

"त्या कॉम्प्युटरला आणखी कोण हात लावतं?"

"मीच. आणि किल्ली मॅनेजरसाहेबांकडे असते."

बाहेर आल्यावर मी ताडताड बोलायला लागले. मॅनेजरने किल्ली वापरली, मॅनेजरने पुसलं, मॅनेजरचाच हात आहे. वन्सं चालत राहिल्या. गेटापाशी थांबल्या.

"ठिणगे, तुझा भाऊ ते दृश्य सांगत होता ना, खांबाला धरलेला हात, टोपी. ते त्याने बनवलेलं नाही. मी उभा जन्म खोटं ऐकण्यात घालवलाय. ते त्याने डोळ्यांनी बघितलंय."

"म्हणजे?"

"म्हणजे माझ्या भावाने बघायला हवं होतं, आणि बघितलं नाही."

४

तिकीट खिडकीवरच्या बाई बोलक्या निघाल्या. खिडकी बंदच होती, रोपवेच बंद होता, तरी त्या तिथे विणकाम घेऊन बसल्या होत्या.

"मी कोणाचं वाईट चिंतत नाही हो," त्या म्हणाल्या. "पण तुमचे यजमान त्या दिवशी भानावर नव्हते. खिडकीवर फोन करून मला विचारतात, 'बाई, किती वाजले?' आता सांगा! पहिली फेरी सोडायच्या आधीची गोष्ट. त्यांच्या पडद्यावर ढळढळीत घड्याळ आहे. मी कंट्रोल रूममध्ये गेले की त्यावरच माझं घड्याळ लावते. डोळ्यांसमोर घड्याळ असून वेळ विचारणारा माणूस अर्धवट झोपेतच असणार. मी हे जबाबात सांगितलंय. सांगावं लागलं."

"आणखी काही?" वन्संनी विचारलं.

"आणखी काय. बिचारे म्हणाले, 'माफ करा हं, त्रास दिला.' स्वभावाने गरीब हो तुमचे यजमान."

गरीब! त्या गरीबपणानेच माझा घात केला होता. मी काहीतरी टाकून बोलणार होते, पण वन्संनी माझं मनगट दाबलं.

तिथून दवाखान्यात गेलो. मिस्त्रीची बायको वॉर्डबाहेरच्या बाकावर बसली होती. मला बघून ती उठून निघून जाईल असं वाटलं होतं. ती सरकली आणि तिने मला बसायला जागा दिली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आज सकाळी शुद्धीवर आले," ती म्हणाली. "अजून कोणाला सांगितलं नाही. डॉक्टर म्हणाले, गर्दी नको."

"काही बोलले?" वन्संनी हळूच विचारलं.

"एवढंच. 'टोपी पडली होती गं, ती उचलत होतो.' आणि परत डोळे मिटले. एका टोपीपायी, बघा."

मी वन्संकडे बघितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. बारक्याचा जबाब कालचा, आणि मिस्त्री बोलला आज सकाळी. म्हणजे बारक्याने खरोखरच बघितलं होतं. टोपीसकट.

संपलं, मला वाटलं. परतीच्या वाटेवर मी रस्त्यात रडले. लोक बघत होते. बघू देत.

५

घरी नवरा होता तसाच बसला होता. समोर जेवणाचं ताट झाकलेलं, सकाळी ठेवलेलं. मी ते उचललं आणि स्वयंपाकघराकडे निघाले. मागे वन्संनी त्याच्यासमोर खुर्ची ओढली.

"एकच विचारते. त्या दिवशी तिकीटवाल्या बाईंना वेळ का विचारलीस?"

"विचारली होती का?" तो म्हणाला. मग आठवून, "हो. घड्याळ दिसत नव्हतं."

"कुठलं घड्याळ?"

"पडद्यावरचं. त्या सकाळी ते येतच नव्हतं. चित्र बाकी छान होतं, चांगलं मोठं, काचभर. फक्त घड्याळ नव्हतं. म्हटलं कशाला तक्रार करा, बारक्याला सवडीने सांगू."

माझ्या हातातलं ताट खाली पडलं. भात सगळीकडे झाला.

"काचभर?" मी दारातून ओरडले. "काळ्या पट्ट्या नव्हत्या?"

"नव्हत्या बहुतेक. का गं?"

"का गं! अरे देवा, अहो, हे आधी नाही का सांगायचं?"

"त्यात काय सांगायचं? घड्याळच तर होतं."

वन्सं माझ्याकडे बघत होत्या. "ठिणगे, नीट बोल. सावकाश."

मी जमिनीवर बसले, भातातच. "वन्सं, जुन्या काचेचा मॉनिटर पूर्ण चित्र कधीच दाखवत नाही. चित्राच्या कडा तो आपल्या चौकटीआड ढकलतो. साडीला फॉल लावताना कड आत दुमडली जाते ना, तशी. टीव्हीवर कोणाला ते जाणवत नाही, कारण टीव्हीची चित्रं काढणाऱ्यांना हे माहीत असतं, ते कडेला काही ठेवतच नाहीत. पण कॉम्प्युटरच्या चित्रात अगदी टोकापर्यंत मजकूर असतो. म्हणून माझ्या डब्यावर एक बटण आहे. ते दाबलं की चित्र थोडं लहान होतं, भोवती काळी पट्टी राहते, पण सगळं काचेच्या आत येतं. पुन्हा दाबलं की चित्र काचभर पसरतं, आणि कडा गेल्या!"

"आणि घड्याळ कडेला असतं."

"खालच्या कडेला. घड्याळ गेलं होतं म्हणजे चारी कडा गेल्या होत्या. आणि वन्सं..." मी बोटाने हवेत चौकट काढली. "पिवळा खांब घड्याळापेक्षाही टोकाला आहे."

नवरा उभा राहिला होता. "म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही पडदा पाहिलात. नीट पाहिलात. तिथे माणूस नव्हताच! तो खांबासकट चौकटीआड होता."

त्याने भिंतीला हात टेकला. मी त्याच्याकडे धावणार होते, तेवढ्यात वन्संचा आवाज आला.

"मग तुझ्या भावाने टोपी कुठे पाहिली?"

६

मी दोन तास वन्संशी भांडले. मॅनेजरने बटण दाबलं असेल. दाबलं असेल, वन्सं म्हणाल्या, पण बारक्या तेव्हा त्याच पडद्याकडे बघत होता, हे तो स्वतः सांगतो, तुझा नवराही सांगतो. त्या पडद्यावर खांब नव्हता. फलाटावर बघणारं दुसरं कोणी नव्हतं. मग वाकलेला मिस्त्री आणि त्याची टोपी हे पूर्ण चित्र उरलं एकाच ठिकाणी, कॉम्प्युटरच्या रेकॉर्डिंगमध्ये. ज्याने टोपी बघितली त्याने रेकॉर्डिंग बघितलं. आणि ज्याने ते बघितलं तो म्हणतो की त्या सकाळचा भाग कोराच झाला, कोणालाच काही बघायला मिळालं नाही.

शेवटी भांडण मीच सोडलं. मी बारक्याला दुकानात बोलावलं. नवराही आला. चौकशी उद्यावर आली होती.

दुकानात माझ्याकडे तसलाच एक फुगीर काचेचा मॉनिटर आहे. डबाही तोच. फलाटाचं चित्र बसवणीच्या वेळचं माझ्याकडे होतं, तेच लावलं, आणि बटण दाबून काचभर केलं.

बारक्या दारातून आत आला आणि त्याची नजर पहिल्यांदा मॉनिटरवर गेली. तो या धंद्यातला. त्याला काही समजावून सांगावं लागलं नाही. त्याचा रंगच उडाला.

"ये," मी म्हणाले. "दाखव मला. मिस्त्री कुठे दिसला तुला?"

"ताई, त्या दिवशी चित्र असं नव्हतं. कडा होत्या."

"घड्याळ नव्हतं दिसत," वन्सं म्हणाल्या. "म्हणून याने तिकीट खिडकीवर वेळ विचारली. अपघाताच्या आधी. त्या बाईंच्या जबाबात आहे."

बारक्याने मॉनिटरवरची नजर काढली.

"दाखव ना," मी म्हणाले. "बोट ठेव."

त्याने हात पुढे केला. बोट काचेवरून डावीकडे सरकलं, फलाटाच्या फरश्यांवरून, काच संपली आणि बोट मॉनिटरच्या प्लास्टिकवर आलं. तिथे ते थांबलं. मग तो खाली बसला, जमिनीवरच.

"मॅनेजरसाहेब सारखे मागे लागले होते," तो म्हणाला. "काळ्या कडा काढ, पाहुण्यांसमोर शोभत नाही. मी म्हटलं, एक दिवसाचा प्रश्न आहे. सकाळी बटण दाबलं. संध्याकाळी परत करणार होतो, आईशप्पथ."

"कड जाते हे तुला माहीत नव्हतं?"

"होतं. तूच शिकवलंस. पण कडेला कोण उभं राहतं, ताई? तिथे कधीच कोणी नसतं."

नंतरचं त्याने धाप लागल्यासारखं सांगितलं. मेन स्विच पाडायच्या आधी, धावपळीत सगळे खाली गेले तेव्हा तो मागच्या खोलीत गेला, रेकॉर्डिंग बघितलं, मिस्त्रीला बघितलं, आणि काय झालं ते एका क्षणात उमगलं. मग ते पुसलं. मग डब्याचं बटण दाबून कडा परत आणल्या. भाऊजींना थांबा म्हणून तो कधी ओरडलाच नव्हता.

"पुसलंस ते पुसलंस," मी म्हणाले.  "पण मला दिसला होता असं का लिहून दिलंस? गप्प बसायचं होतंस!"

"कोणीतरी पडद्याची शंका काढली असती. मला दिसला म्हटलं की पडदा ठीक होता असं होतं." तो माझ्याकडे बघत नव्हता. "आणि भाऊजी स्वतःच म्हणायला लागले होते ना, माझीच चूक म्हणून. त्यांना तसंही वाटतच होतं. मला वाटलं, होईल त्यांना सवय."

माझा हात कधी उठला मला कळलं नाही. आवाज दुकानभर घुमला. तो गाल धरून तसाच बसून राहिला, आणि मीच हंबरडा फोडला.

नवऱ्याचं याकडे लक्षच नव्हतं. तो मॉनिटरसमोर वाकून उभा होता, काचेच्या डाव्या कडेवर बोटं फिरवत. "म्हणजे मी बघितलं होतं," तो म्हणाला. आणि परत, "मी बघितलं होतं गं."

मग वळून म्हणाला, "उद्या बारक्याचं नाव कशाला? डबा आपोआप बिघडला म्हण. यंत्र आहे, बिघडतं."

"माझा डबा बिघडलेला नाही," मी म्हणाले.

वन्सं उठल्या. "सकाळपर्यंत वेळ द्या त्याला. स्वतःहून बोलला तर त्याचंही थोडं वाचेल."

७

चौकशीची खोली लहान होती. लांब टेबल, पलीकडे चौकशी अधिकारी, चष्म्याच्या वरून बघणारे, थकलेले गृहस्थ. मॅनेजर, तिकीटवाल्या बाई, नवरा, बारक्या, सगळे भिंतीला लागून. मी तंत्रज्ञ म्हणून.

मी सगळं सांगितलं. काच, कडा, बटण, घड्याळ. तिकीटवाल्या बाई मधेच म्हणाल्या, "अगं बाई, म्हणून विचारत होते होय!" आणि तोंडावर हात ठेवला. मॅनेजरांची इस्त्री पहिल्यांदा विस्कटलेली दिसली.

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे अपघाताच्या वेळी चित्र मोठं केलेलं होतं, आणि नंतर कोणीतरी ते पूर्ववत केलं. कोणी?"

मी बारक्याकडे बघितलं.  बोल रे, मी मनात म्हणत होते. एकदाच. उभा राहा आणि बोल. लहानपणी काच फोडलीस, शाई सांडलीस, प्रत्येक वेळी मी पुढे झाले. आज तू हो.

त्याने मान वर केली. त्याचे ओठ हललेही. मग त्याने मॅनेजरांकडे बघितलं, आणि मान परत खाली घातली.

"मी विचारतोय, कोणी?" अधिकारी म्हणाले.

"साहेब, कदाचित आपोआप..." माझा नवरा सुरू झाला.

"माझ्या भावाने," मी म्हणाले. "रेकॉर्डिंगही त्यानेच पुसलं. मॅनेजरसाहेबांनी कडा काढायला सांगितल्या होत्या, हेही लिहून घ्या."

 मग बारक्याचा आवाज आला, बारीक. "हो."

पुढचं सगळं कागदोपत्री झालं. नवऱ्यावरचा ठपका निघाला. मॅनेजरांना बसवून ठेवलं. बारक्याला दुपारी पोलीस ठाण्यात हजर व्हायला सांगितलं. बाहेर आल्यावर मी भिंतीला टेकून उभी राहिले. आईला काय सांगायचं हे मला सुचत नव्हतं. आनंद व्हायला हवा होता. वन्सं शेजारी उभ्या राहिल्या. आपल्या भावाविरुद्ध त्यांनी असं केलं असतं का, हे मी विचारलं नाही. केलं असतं, हे मला माहीत होतं, आणि त्यांना किती जड गेलं असतं तेही आता कळत होतं.

बारक्या आवाराच्या पायरीवर एकटाच बसला होता. दोन्ही हात मांडीवर, उताणे. त्यांच्याकडे बघत.

नवरा त्याच्या दिशेने चालायला लागला. मी त्याची बाही पकडली.

"कुठे निघालात? त्याने तुम्हाला मरेपर्यंत तसंच जगू दिलं असतं! सवय होईल म्हणाला तो!"

"ऐकलं मी," तो म्हणाला.

"मग?"

"मग काही नाही गं. तू दिलेला तो चहा, ते ताट, मला काही दिसत नव्हतं. तो आत्ता जिथे बसलाय, तिथे मी बसून आलोय." त्याने माझा हात हळूच सोडवला. "तिथे माणसाला एकटं ठेवू नये."

तो पायरीवर जाऊन बारक्याशेजारी बसला.  थोड्या वेळाने बारक्याची पाठ हलायला लागली, तेव्हा त्याने त्या पाठीवर हात ठेवला.

वन्संनी डोळे पुसले आणि त्याही तिकडे गेल्या. मी नाही गेले. मला जमलं नाही. मी भिंतीपाशीच उभी राहिले, त्या तिघांकडे बघत.